‘चालतंय की’ म्हणणारं घड्याळ

संगणकाच्या धंद्यात ‘चालतंय की’ हे सर्वांत स्वस्त प्रमाणपत्र आहे, आणि घड्याळाच्या बाबतीत ते सर्वांत निरुपयोगी. प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, बिघडला तर कागद कोरा येतो, स्पीकरचा बिघडला तर खोलीत शांतता पसरते. घड्याळाचा बिघडला तर पडद्यावर वेळ दिसतच राहते. ठसठशीत, दोन-दोन आकड्यांत, मध्ये टिंबं देऊन. चुकीच्या वेळेचा आणि बरोबर वेळेचा चेहरा हुबेहूब सारखा असतो. म्हणूनच रिअल टाइम क्लॉक, म्हणजे आरटीसी नावाच्या चिपसाठी लिहिलेला ड्रायव्हर तपासायला बसलेल्या रिव्ह्यूअरची बाजू एकदा कुणीतरी मांडायला हवी. हा माणूस ऑफिसात लोकप्रिय नसतो. दोनशे ओळींच्या कोडावर तो तीनशे ओळींचे आक्षेप पाठवतो, २१०० सालाची चौकशी करतो आणि ज्यानं कोड लिहिला त्याचा शुक्रवार खराब करतो. माझं म्हणणं असं की, इतर कोडात खुसपट काढणं हा स्वभावदोष असेल. आरटीसीच्या ड्रायव्हरपुढे मात्र तीच खरी पात्रता आहे.

आधी चिपला न्याय देऊ, कारण ती बिचारी सरळमार्गी असते. तिच्या शेजारी क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. वीज गेली तरी तीन व्होल्टच्या बटण सेलवर हा कारभार वर्षानुवर्षं चालू राहतो. स्फटिक थोडा चुकतो, हे खरं. दहा लाखांत २० भागांची चूक म्हणजे दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद आणि वर्षाला साडेदहा मिनिटं. गंमत म्हणजे २५ अंशांच्या आसपासचं तापमान सोडलं की तो मंदच होतो. कडाक्याच्या थंडीतही मंद आणि नागपूरच्या मे महिन्यातही मंद. पण हा दोष डेटाशीटमध्ये आलेखासकट छापलेला असतो, लपवाछपवी नसते. भानगड सुरू होते ती या ठोक्यांना माणसाची तारीख चिकटवताना. चिप महिने १ ते १२ मोजते. सी भाषेत जानेवारी शून्यावर असतो. त्याच सी भाषेत महिन्याची तारीख मात्र १ पासून सुरू होते, का ते विचारायचं नाही. वर्ष चिपमध्ये ०० ते ९९, तर सी भाषेत १९०० पासून किती पुढे ते. वाराची तर तऱ्हाच वेगळी. डीएस१३०७ या चिपमध्ये वार हा १ ते ७ असा एक स्वतंत्र आकडा आहे आणि त्याचा तारखेशी काडीचाही संबंध नाही. मध्यरात्री एकानं पुढे सरकायचं, एवढंच त्याचं काम. पहिल्या दिवशी तुम्ही गुरुवारला रविवार म्हणालात तर ती जन्मभर तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही. यंत्र इतकं आज्ञाधारक असलं की सगळा दोष आज्ञा देणाऱ्याकडे जातो, आणि इथे आज्ञा देणारा ड्रायव्हर असतो.

त्यात आणखी एक वळण आहे. अशा बऱ्याचशा चिप आकडे बीसीडी पद्धतीनं ठेवतात: दशकाच्या अंकाला चार बिट, एककाच्या अंकाला चार बिट. त्यामुळे ‘१०’ हा आकडा आत एक आणि शून्य असा शेजारी-शेजारी बसलेला असतो, आणि रूपांतर न करता तो थेट उचलला तर संगणकाला १६ दिसतात. नऊपर्यंत मात्र दोन्ही पद्धतींत आकडे अगदी सारखे. म्हणजे वर्षाचं रूपांतर करायला विसरलेला कोड २००९ च्या ३१ डिसेंबरपर्यंत निर्धास्त चालतो आणि त्याचा लेखक तोवर बढती घेऊन दुसरीकडे गेलेला असतो. २०१० उजाडलं आणि काही विंडोज मोबाइल फोनवर येणाऱ्या एसएमएसवर २०१६ साल पडू लागलं. त्याच वर्षी १ मार्चच्या सुमारास जुनी, जाड प्लेस्टेशन ३ यंत्रं अडून बसली. त्यांच्या आतल्या घड्याळानं २०१० हे लीप वर्ष धरलं होतं, असं सोनीनं जाहीर केलं. २०१० ला चारानं भाग जात नाही, १६ ला जातो. एवढ्यावरून गुन्हा शाबीत होत नाही, पण बीसीडीशी ज्याची एकदा गाठ पडली आहे त्याचा संशय कुठे जाईल हे उघड आहे. दुसऱ्या दिवशी दुखणं आपोआप बरं झालं, हे त्यातलं सगळ्यात बोलकं लक्षण.

या चुका अशा मुहूर्त बघूनच येतात, आणि त्याचं सर्वांत शुद्ध उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या झून या गाणी वाजवणाऱ्या यंत्राचं. त्याचं ३० जीबीचं मॉडेल नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलं, दोन वर्षं बिनतक्रार वाजलं आणि ३१ डिसेंबर २००८ ला जिथे होतं तिथे गोठलं. एखाद-दुसरं नव्हे, त्या मॉडेलची यंत्रं घाऊक गोठली. दोष आरटीसीच्या ड्रायव्हरमध्ये होता. १९८० पासून किती दिवस झाले ते पाहायचं, आणि उरलेले दिवस ३६५ पेक्षा जास्त असतील तोवर एकेक वर्ष वजा करत जायचं, असं ते गणित होतं. वर्ष लीप असेल तर आत आणखी एक प्रश्न: दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का? असतील तर ३६६ वजा करा. आणि बरोबर ३६६ च असतील तर? तर काहीच नाही. वजाबाकीही नाही आणि सुटकाही नाही. कोड पुन्हा वर जातो, ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त आहेत याची खात्री करून घेतो, आणि फिरत राहतो. १९८० ते २००४ ही सात लीप वर्षं त्यानं ओलांडली होती, कारण तिथे पुढचे दिवस शिल्लक होते. अडकला तो लीप वर्षाच्या शेवटच्या दिवशीच, म्हणजे १,४६१ दिवसांत एकदा. यावर अधिकृत इलाज असा होता की बॅटरी पूर्ण उतरू द्यावी आणि १ जानेवारीला ग्रीनिचच्या दुपारनंतर यंत्र पुन्हा चार्ज करावं. लक्षात घ्या, इथे दुरुस्ती करणारं औषध होतं ‘उद्या’. कोड वाचताना ‘बरोबर ३६६ असतील तर?’ एवढं विचारणारा एक कटकट्या माणूस त्या खोलीत असता, तर हजारो लोकांना वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी गाणी ऐकता आली असती.

मुहूर्त दरवेळी चार वर्षांनीच येतो असं नाही. कधी तो दर तासाला येतो आणि मिलिसेकंदभरच थांबतो. समजा ड्रायव्हरनं आधी तासाचं रजिस्टर, म्हणजे चिपमधला आकड्याचा कप्पा, वाचलं: १०. त्याच क्षणी १०:५९:५९ चे ११:००:०० झाले. मग त्यानं मिनिटं वाचली: ००. सेकंद: ००. अहवाल तयार: दहा वाजले. एका झटक्यात पुरा तास गिळला, आणि प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे पाहिला तर खराच होता! हे टाळायची सोय चिपवाल्यांनी कधीच करून ठेवली आहे. डीएस१३०७ किंवा डीएस३२३१ मधली सगळी रजिस्टरं एका दमात वाचली तर वाचन सुरू होतानाची वेळ चिप बाजूला काढून ठेवते आणि तीच देते. पीसी-एटीच्या काळापासून चालत आलेली मोटोरोलाची एमसी१४६८१८ ‘बदल चालू आहे’ असा एक बिट दाखवते. तो शून्य असेल तर निदान २४४ मायक्रोसेकंद तरी आकडे हलणार नाहीत याची ती हमी देते. एवढं असूनही नव्या ड्रायव्हरमध्ये सात रजिस्टरं सात वेगवेगळ्या फेऱ्यांत वाचलेली आढळतात. विचारलं की उत्तर येतं, ‘टेबलावर दिवसभर चालवून बघितलंय.’ दिवसभरात अशा मिलिसेकंदाच्या फटी तासागणिक एक, म्हणजे चोवीस. त्या चोवीसही चुकवून ‘चालतंय’ म्हणायला काही कष्ट पडत नाहीत.

रिव्ह्यूअरच्या ज्या आक्षेपाचा सर्वांत जास्त राग येतो, तो मात्र चुकीच्या वेळेबद्दल नसून अज्ञानाबद्दल असतो. सेल संपला, स्फटिकाची कंपनं थांबली, तर चिप ते कबूल करते. डीएस३२३१ त्यासाठी एक झेंडा, म्हणजे खुणेचा बिट, उभारते. पीसीएफ८५६३ तर सेकंदाच्या रजिस्टरमध्येच वरचा बिट लावून ठेवते, जणू सेकंद विचारायला आलेल्यानं आधी हे वाचलंच पाहिजे. आता ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हा झेंडा बघवत नाही. पाहुणे आल्यावर पसारा पलंगाखाली ढकलावा तसा तो सुरुवातीलाच झेंडा उतरवतो, १ जानेवारी २००० ही तारीख भरतो आणि घड्याळ चालू झाल्याचं जाहीर करतो. लिनक्सच्या आरटीसी शाखेत रीत याच्या नेमकी उलट आहे: झेंडा उभा असेल तर वेळ विचारणाऱ्याला सरळ चूक परत करायची, आणि झेंडा उतरवायचा तो फक्त कुणीतरी खरी वेळ भरेल तेव्हा. ‘माहीत नाही’ हे उत्तर मिळालं तर वरचा प्रोग्राम दुसरीकडे चौकशी करू शकतो. २००० साल मिळालं तर तो त्यावर विश्वास ठेवून कामाला लागतो. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं ‘अजून सुरूच झालेली नाहीत’ म्हणून नाकारली जातात, फायली आपल्या मालकाआधी जन्माला येतात, आणि दोष इंटरनेटला दिला जातो. पत्ता ठाऊक नसताना ‘सरळ जा, मग डावीकडे’ असं छातीठोक सांगणाऱ्यांची आपल्या रस्त्यांवर कमतरता नाही. ती सवय निदान चिपला लावू नये, एवढीच रिव्ह्यूअरची विनंती असते.

वेळ कुठली, हा आणखी एक खड्डा. यातल्या बहुतेक चिपमध्ये तासाला जागा आहे, मिनिटाला आहे, पण ‘कुठल्या गावचे वाजले’ हे लिहायला एक बिटही नाही. विंडोज तिथे स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ धरून चालतं. एकाच लॅपटॉपवर दोन्ही असली की विंडोजनं सकाळी दहा म्हणून ठेवलेली वेळ लिनक्स दुपारचे साडेतीन म्हणून दाखवतं. साडेपाच तासांची ही तफावत भारतात इतकी ठरावीक आहे की तिच्यावरून निदान करता येतं. मग एखादा उत्साही लेखक ड्रायव्हरमध्येच साडेपाच तास मिळवून टाकतो, आणि रिव्ह्यूअर तो पॅच, म्हणजे कोडातला बदल, परत पाठवतो, कारण ड्रायव्हरनं चिपमध्ये आहे तेवढंच सांगायचं असतं. अर्थ लावणारे वर बसले आहेत. मुंबईकरांना तरी हा वाद नवा वाटू नये. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी तिच्या ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ या शहरानं पुढे अनेक दशकं सोडला नाही. घड्याळ बरोबर असूनही माणूस ३९ मिनिटं उशिरा पोचू शकतो, हे मुंबईनं चिप निघण्याच्या फार आधी सिद्ध केलं होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आता वेळ नेटवर्कवरून येते, मग आरटीसीचे एवढे लाड कशाला? नेटवर्क येईपर्यंतही यंत्राला काहीतरी वेळ सांगावीच लागते, हे पहिलं उत्तर. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या २०२३ मधल्या पाचव्या आवृत्तीपर्यंत मूळ बोर्डावर आरटीसीच नव्हती. बंद होताना वेळ फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि उठल्यावर तीच वाचायची, असा तोडगा चालायचा. रात्री दहाला झोपून सकाळी सहाला उठलेला बोर्ड दहाच वाजलेत असं समजायचा. दुसरं उत्तर असं की, नेटवर्कशी वेळ जुळली की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, दर अकरा मिनिटांनी ती आरटीसीत उतरवून ठेवू शकतो; लिहिणारा ड्रायव्हर चुकीचा असेल तर बरोबर वेळ दर अकरा मिनिटांनी चुकीच्या रीतीनं लिहिली जाते. आणि तिसरं उत्तर विजेच्या मीटरचं. महाराष्ट्रात उद्योगांना दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लागतो. पेटीत बंद असलेल्या मीटरनं संध्याकाळची गर्दीची वेळ कुठली आणि स्वस्त वेळ कुठली, हे आपल्या पोटातल्या घड्याळावरूनच ठरवायचं असतं. तिथे घसरलेला एक तास थेट बिलावर दिसतो, आणि बिल चुकलं की माणसं तत्त्वज्ञान बाजूला ठेवतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे सगळं माणसानं डोळे फोडून का वाचायचं, चाचण्या लिहा की. मान्य, आणि लिहिल्याही आहेत. लिनक्सच्या आरटीसी शाखेत सेकंदांवरून तारीख काढणाऱ्या सामायिक फंक्शनसाठी एक चाचणी आहे. तिचा पूर्ण अवतार १,६०,००० वर्षांचा प्रत्येक दिवस एकेक करून तपासतो, म्हणजे पाच कोटी चौऱ्याऐंशी लाखांच्या आसपास दिवस. इतकं दूरचं भविष्य कुठल्याही ज्योतिष्यानं इतक्या तपशिलात पाहिलेलं नाही. पण ही चाचणी त्या सामायिक फंक्शनला वाचवते. ते न वापरता ड्रायव्हरमध्ये स्वतःचं कॅलेंडर लिहून बसलेल्याला ती कशी वाचवणार? झूनचं दुखणं हेच होतं. शिवाय चिपच्या आतली काळाची फट, मेलेला सेल, उतरवलेला झेंडा या गोष्टी हिशोबाच्या चाचणीत येतच नाहीत. म्हणून शहाण्या रिव्ह्यूअरचा पहिला शेरा दोष दाखवणारा नसून फुकटचा असतो: स्वतःची लीप वर्षं मोजू नका, बीसीडीचं रूपांतर स्वतः लिहू नका, ज्या फंक्शनांनी आधीच मार खाऊन अक्कल मिळवली आहे ती वापरा. दोनशे ओळींचा ड्रायव्हर यानं दीडशे ओळींवर येतो, आणि गेलेल्या पन्नास ओळींतच बहुतेक मुहूर्त दडलेले असतात.

तिसरा आक्षेप थोडा चिडूनच घेतला जातो: २१०० साली कोण बघायला येणार आहे? पीसीएफ८५६३ सारख्या दोन आकडी वर्षाच्या चिप ज्याला चारानं भाग जातो ते लीप, एवढंच जाणतात. २१०० लीप नाही, पण त्या २९ फेब्रुवारी दाखवणारच. ‘तेव्हा कोण बघायला येणार’ हाच युक्तिवाद वर्षाला दोनच आकडे देणाऱ्या मंडळींनी केला होता, आणि त्यांची निवृत्ती व्हायच्या आत २००० साल येऊन ठेपलं. पण इथे रिव्ह्यूअर वाटतो तितका अवाजवी नसतो. चिप सुधारा असं तो म्हणत नाही, ते तुमच्या हातातही नाही. तो मागतो फक्त दोन ओळी: हे घड्याळ कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत विश्वासाचं आहे ते जाहीर करा. २००० ते २०९९ असं सांगितलं की त्याबाहेरची वेळ भरायला कर्नल स्वतःच नकार देतो. मर्यादा मान्य करायला दोन ओळी लागतात. ती लपवायची तर पिढ्या लागतात.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो खरा आहे. इतकं खुसपट काढलं तर नवा माणूस दुसरा पॅच पाठवेल का? बरेच रिव्ह्यूअर ही ताकद नको तिथे खर्च करतात, हे नाकारून चालणार नाही. चलाच्या नावात अधोरेष असावी का, समास टॅबचा की स्पेसचा, पूर्णविराम राहिला का, यावर आठवडा घालवून मग सात वेगळ्या वाचनांकडे थकलेल्या डोळ्यांनी पाहणारा रिव्ह्यूअर हा खुसपट्याही नीट झालेला नसतो. स्पेसची चूक पहिल्या दिवशी दिसते आणि कुणाचंही काही बिघडवत नाही. ती यंत्रानं दुरुस्त करावी. काळाची चूक दिसत नाही आणि बिघडवते. ती माणसानं शोधावी. त्रास द्यायचाच असेल तर तो जिथे चूक उशिरा येते तिथे द्यावा, आणि नम्र शब्दांत द्यावा, कारण मूळ लेखकानं गाढवपणा केलेला नसतो. त्यानं फक्त आजच्या तारखेवर विश्वास ठेवलेला असतो.

अर्थात या कामाचे आभार कुणी मानत नाही. जी चूक झालीच नाही तिचा दिवस साधा बुधवार म्हणून निघून जातो. पण एक मुहूर्त मात्र सगळ्यांना आधीच कळवून ठेवलेला आहे. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हासहित आकड्यात मोजणाऱ्या कोडाची क्षमता भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते, म्हणजे ऐन लोकलच्या गर्दीत. पुढच्या सेकंदाला असं घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. तेव्हा भारतीय प्रमाणवेळ जन्मालाच आलेली नव्हती, त्यामुळे नेमके किती वाजले यावर मुंबईत तरी एकमत होणार नाही. तोवर जो रिव्ह्यूअर तुमचा पॅच चौथ्यांदा परत पाठवतो आहे त्याच्यावर खुशाल चिडा. फक्त पाचव्यांदा पाठवताना ६४ बिट वापरा.